ठाण्यात लग्नाचे अल्बम एडिट करतो, फोटोशॉपसाठी कोणता माऊस घेऊ?

डीपीआयच्या, म्हणजे हात थोडा हलवला की कर्सर किती पळतो त्याच्या, आकड्यांवर जाऊ नका. खोक्यावरचे १६००० वगैरे गेम खेळणाऱ्यांसाठी. रिटचिंगला १००० ते १६०० भरपूर झाले. आधी विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा. ते चालू असलं की हात जोरात हलवला तर कर्सर जास्त पळतो, हळू हलवला तर कमी. मग नथीच्या कडेने पाथ, म्हणजे निवडीची रेघ, काढताना हाताला अंदाजच येत नाही. हे फुकटात होतं, कदाचित नवा माऊस लागणारही नाही.

घ्यायचाच तर नौपाड्यातल्या एखाद्या दुकानात जाऊन हातात धरून बघा. तळहात पूर्ण टेकला पाहिजे, क्लिक करताना कर्सर हलता कामा नये. अंगठ्याजवळ दोन बटणं हवीतच: एकावर अनडू, दुसऱ्यावर ब्रशचा आकार. बजेट सैल असेल तर लॉजिटेकचा एमएक्स मास्टर ३एस. त्याचं अंगठ्याचं चाक झूमला लावता येतं आणि तो काचेच्या टेबलावरही चालतो. डावखुरे असाल तर मात्र तो बाद.

वायरलेस की वायरचा, याने कामात काडीचा फरक पडत नाही.

आणि दिवसभर त्वचा नि केसांचं मास्किंगच (तेवढाच भाग वेगळा काढणं) करत असाल, तर तेच पैसे छोट्या पेन टॅबलेटमध्ये, म्हणजे पेनने रेघा ओढायच्या पाटीत, घाला. पेनच्या दाबानुसार ब्रश कमी-जास्त होणं कुठल्याच माऊसला जमत नाही.