वाचकांचे प्रश्न : लालगुडी जयरामन यांचा गज

प्रश्न : डॉ. एन. राजम यांचे व्हायोलिन मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. अलीकडे लालगुडी जयरामन यांचे एक ध्वनिमुद्रण ऐकले आणि वाद्य तेच असूनही जग निराळे वाटले. त्यांच्याविषयी माहिती द्यावी.

उत्तर : तुम्ही ज्या दोन नावांची तुलना केली आहे, त्यांच्यात एक दुवा आहे. कर्नाटक संगीतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या तीन व्हायोलिनवादकांची नावे एका दमात घेतली जात, ते लालगुडी जयरामन, एम. एस. गोपालकृष्णन आणि टी. एन. कृष्णन, यांपैकी कृष्णन हे डॉ. राजम यांचे सख्खे बंधू. भावाने दक्षिणेचीच वाट धरली आणि बहीण पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकून आपल्याकडच्या हिंदुस्थानी संगीताची झाली.

जयरामन यांचा जन्म 17 सप्टेंबर 1930 चा. तिरुचिरापल्लीजवळचे लालगुडी हे त्यांच्या घराण्याचे गाव, आणि ते संगीताच्या नकाशावर फार पूर्वीपासून आहे, कारण तेथील देवतांवर कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांनी पाच कृती, म्हणजे बंदिशींसारखी पदे, रचल्या. जयरामन यांचे पूर्वज रामा अय्यर हे त्यागराजांच्या शिष्यांपैकी होते. वडील व्ही. आर. गोपाल अय्यर हेच त्यांचे गुरू, आणि वयाच्या बाराव्या वर्षी मुलगा साथीला बसू लागला. 1965 साली एडिंबरा महोत्सवात त्यांचे वादन ऐकून विख्यात पाश्चात्त्य व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी त्यांना एक इटालियन व्हायोलिन भेट दिले. पुढच्याच वर्षी बासरीवादक एन. रमणी आणि वीणावादक आर. वेंकटरामन यांच्यासह त्यांनी तीन वाद्यांच्या एकत्र वादनाचा प्रयोग सुरू केला. 1972 मध्ये पद्मश्री, 1979 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 2001 मध्ये पद्मभूषण, आणि 22 एप्रिल 2013 रोजी चेन्नईत निधन.

प्रश्न : एवढा मोठा कलावंत आयुष्यातील कितीतरी वर्षे इतरांची साथ करत राहिला, यात त्याचे नुकसान झाले नाही का?

उत्तर : माझ्या मते त्या साथीतच त्यांची खरी शाळा झाली, आणि साथीचा अर्थ आपल्याकडच्यापेक्षा तिकडे वेगळा आहे हे लक्षात घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. आपल्या मैफलीत हार्मोनियम गायकाच्या मागोमाग चालते आणि गायक थांबला की मोकळी जागा भरून काढते. कर्नाटक मैफलीत, जिला तिकडे ‘कच्चेरी’ म्हणतात आणि जिचा सरकारी कचेरीशी काहीही संबंध नसतो, गायकाचा रागालाप संपला की व्हायोलिनवादकाला त्याच रागाचा स्वतःचा आलाप करण्यासाठी स्वतंत्र अवकाश मिळतो. कल्पनास्वरांच्या, म्हणजे आयत्या वेळी सुचणाऱ्या सरगमच्या, भागात गायकाने एक आवर्तन गायले की पुढचे वादकाने द्यायचे, आणि कृतीची ओळ तालातील ज्या नेमक्या बिंदूवर उचलली जाते तेथेच येऊन उतरायचे. यासाठी आधी तालीम झालेली नसते. गायक काय गाणार हे वादकाला त्याच क्षणी कळते.

जयरामन कोणाकोणाच्या शेजारी बसले ते पाहावे. अरियाकुडी रामानुज अय्यंगार यांचे गाणे मध्यलयीत, नेटके आणि आटोपशीर, जी. एन. बालसुब्रमण्यम यांच्या ताना वीजेसारख्या. मदुराई मणी अय्यर यांचे स्वर तालावर हसतखेळत चालणारे. आणि बासरीवादक टी. आर. महालिंगम केव्हा कोठे वळतील याचा नेम नाही. आज एकाला शोभेल असे उत्तर उद्या दुसऱ्याच्या गाण्यात विसंगत वाटेल, म्हणून साथीदाराला स्वतःच्या हातातील अर्धी करामत दररोज खिशात ठेवून द्यावी लागते. मला विचाराल तर जयरामन यांचे एकल वादन ऐकण्याआधी त्यांची साथ ऐकावी. गायक षड्जावर श्वास घेण्यासाठी थांबतो, तेवढ्या फटीत त्यांचा गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी, तोच षड्ज अगदी हलक्या दाबाने धरून ठेवतो आणि गायकाचा पुढचा सूर निघताच मागे सरतो. अशा जागा ध्वनिमुद्रणात दोन-तीनदा ऐकल्या की एकल वादनातील संयम कोठून आला ते आपोआप समजते.

प्रश्न : त्यांचे व्हायोलिन ‘गाते’ असे सगळेच म्हणतात. म्हणजे नेमके काय?

उत्तर : हे विशेषण इतके वापरले गेले आहे की त्यातील अर्थ झिजून गेला आहे, म्हणून एक उदाहरण घेऊ. त्यागराजांची श्री रागातील ‘एंदरो महानुभावुलु’ ही कृती बहुतेकांच्या कानावर असते. केवळ सुरावट वाजवणारा वादक सोयीप्रमाणे गज फिरवील आणि श्रोत्याला चाल ओळखू येईल. जयरामन यांच्या बाजात मात्र गजाची दिशा आणि दाब शब्दाच्या अक्षरांवरून ठरतात. जेथे नवे अक्षर सुरू होते तेथे गजाचा सूक्ष्म आघात, आणि जेथे एकच स्वर-अक्षर लांबवले जाते तेथे कितीही गमक, म्हणजे स्वराला दिलेले झोके, आले तरी गज अखंड. ‘म-हा-नु-भा’ ही अक्षरे, गायक शेजारी नसतानाही, वेगवेगळी ऐकू येतात. त्यासाठी वादकाला साहित्य, म्हणजे कृतीचे शब्द, पाठ असावे लागतात आणि त्यांचा अर्थही ठाऊक असावा लागतो.

प्रश्न : हा बाज त्यांनी इतरांना कसा शिकवला? व्हायोलिनवादकाकडे गायक शिकले असे वाचले आहे.

उत्तर : बरोबर वाचले आहे, आणि वरचे उत्तर वाचल्यावर त्याचे आश्चर्य वाटू नये. त्यांची मुले जी. जे. आर. कृष्णन आणि विजयालक्ष्मी हे दोघे व्हायोलिनवादक, पण मुंबईत वाढलेल्या बॉम्बे जयश्री या गायिका. त्या 1989 पासून त्यांच्याकडे शिकल्या आणि चेन्नईच्या म्युझिक अकादमीचा 2023 चा ‘संगीत कलानिधी’ हा मानाचा किताब त्यांना मिळाला. हा मान गुरूंच्या नावापुढे कधी लागला नाही, ही बाब रसिकांच्या बोलण्यात अजूनही येते.

शिक्षक म्हणून त्यांचा ठसा त्यांच्या रचनांवरही आहे. त्यांनी वर्णम् आणि तिल्लाना विपुल रचले. वर्णम् हा विद्यार्थ्याने रोज रियाजाला घ्यायचा प्रकार. त्यात रागाची सारी वळणे आणि हाताचा व्यायाम एकत्र असतो. तिल्लाना हा आपल्या तराण्याचा दक्षिणी भाऊबंद, आणि जयरामन यांनी तो देशसारख्या आपल्या परिचयाच्या रागातही बांधला. चारुकेशीतील ‘इन्नुम् एन् मनम्’ हे त्यांचे पदवर्णम्, म्हणजे नृत्यासाठीचे वर्णम्, भरतनाट्यमच्या नर्तकींनी इतके आपलेसे केले आहे की रचनाकार व्हायोलिनवादक होता, हे पुष्कळ प्रेक्षकांना ठाऊक नसते.

प्रश्न : माझी मुलगी पाश्चात्त्य पद्धतीने, उभे राहून व्हायोलिन शिकते. तिला या ध्वनिमुद्रणांवरून काही उचलता येईल का?

उत्तर : कान तयार होईल, हात लगेच होणार नाही. कर्नाटक वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक छातीशी आणि दुसरे उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकलेले असते. वाद्याचा भार डाव्या हातावर नसल्यामुळे तो हात तारेवर वरखाली मोकळा सरकतो, आणि गमके त्या सरकण्यातूनच निघतात. तारा षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा जुळवलेल्या असतात. तुमच्या मुलीच्या चार तारा चार वेगळ्या सुरांत आहेत. तूर्त तिने एखादी सोपी कृती आधी तोंडाने म्हणावी, शब्दांसकट, आणि मगच गज हातात घ्यावा.