एका गतिरोधकाने भागेल का?

तुम्ही विचारलंय, की शहराच्या कडेला असलेल्या तुमच्या वसाहतीतून गाड्या सुसाट जातात, तर एक गतिरोधक बसवून घ्यावा का. एकाने भागणार नाही. वसाहतींचे रस्ते आखण्याच्या कामात मी बरीच वर्षं काढली आणि सुरुवातीला मीही हेच सुचवायचो. होतं असं, की चालक तिथे करकचून ब्रेक मारतो आणि गेलेला वेळ भरून काढायला पुढे आणखी पळवतो. ज्याच्या दारासमोर गतिरोधक, त्याची झोप जाते ती वेगळीच. बसवायचेच तर ओळीने, साधारण ८० ते १०० मीटरवर एकेक, आणि पसरट: गाडीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच. हळू जाणाऱ्याला हा उंचवटा फारसा जाणवत नाही. लोक रातोरात डांबराचं टेंगूळ उभं करतात, त्याने फक्त मणके हलतात.

पण आधी आठवडाभर गाड्या बघा. तुमच्याच किती आणि मुख्य रस्त्यावरची कोंडी चुकवायला आत घुसणाऱ्या किती? परक्या जास्त असतील तर खरं दुखणं आडवाटेचं आहे. रस्त्याच्या लांबीच्या मध्यावर, रस्ता अडेल असे आडव्या ओळीत खांब रोवा. पायी आणि सायकलने जाणारे आरपार जातील, गाडीला आल्या वाटेने परतावं लागेल. अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकेसाठी खांब काढता येण्याजोगे हवेत. विरोध बहुधा रहिवाशांकडूनच होतो, कारण वळसा त्यांनाही पडतो. शेजारच्या गल्लीलाही विचारात घ्या, नाहीतर तुमची कटकट तिच्या गळ्यात.

गाड्या घरच्याच असतील तर रस्त्याचा आकार बदला. सरळ, रुंद, मोकळा रस्ता दिसला की पाटीवर काहीही लिहा, पाय दाबला जातोच. पार्किंग थोडं डावीकडे, मग थोडं उजवीकडे आखलं की रस्ता नागमोडी होतो, खर्च फक्त रंगाचा. कोपऱ्यांची गोलाई कमी केली तर वळताना वेग उतरवावाच लागतो. नेदरलँड्समध्ये तर याच्याही पुढे गेले. तिथे काही निवासी गल्ल्यांत फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणले, मध्येच झाडं लावली आणि १९७६ साली कायद्यानेच मुलांना रस्त्यावर खेळायची मुभा दिली.

सभेत कोणीतरी म्हणेलच, ३० काय आणि ५० काय! चालकाच्या प्रतिक्रियेत एक सेकंद जातो असं धरा. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरवर थांबलेली असते. तेवढ्या अंतरात ५० वाल्याचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो.