दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला का?

मागच्या उन्हाळ्यात एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) आठवडाभर टँकर आला नाही म्हणून गावाने रास्ता रोको केला होता. केस काही वर्षं चालली आणि १४ जणांना प्रत्येकी १,००० रुपये दंड झाला. न भरल्यास सात दिवस साधी कैद. मुदत महिनाभराची. तेरा जणांनी त्याच दिवशी भरून टाकले. हा चौदावा.

आईने हळदीचे डाग पडलेला रुमाल टेबलावर सोडला. आत शंभराच्या दहा नोटा. "मॅडम, तुम्हीच समजवा. हजार रुपयांपायी कुणी तुरुंगात जातं का?"

मुलगा नोटांकडे बघेना. "भरले की मी चुकलो असं होतं. गांधीजी गेलेच ना आत?"

अन्यायाची शिक्षा मानायची की धुडकावायची, असं विचारणारे बरेच येतात. त्यांना या दोनच वाटा दिसतात. मी म्हटलं, गांधीजी घेतलेस तर पुरते घे. १९२२ साली अहमदाबादला त्यांनी राजद्रोहाचा आरोप कबूल केला आणि वर जास्तीत जास्त शिक्षा मागितली. सहा वर्षं झाली. टिळकांचं उलट. १८९७ च्या खटल्यात त्यांनी आरोप नाकारला, दीड वर्षाची सजा झाल्यावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (तेव्हाचं सगळ्यात वरचं कोर्ट) दाद मागितली. ती फेटाळली गेली, तुरुंगवास भोगला. पण म्हणून टिळकांनी गुन्हा कबूल केला असं कुणी म्हटलं नाही. "तू यातला कोणता?"

तो गप्प. मग हळूच म्हणाला, "अपील करता येतं?"

येतं. सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. त्यातले १९ गेले होते! तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, हेही घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

(जातपंचायतीच्या दंडाचं मात्र मी वेगळं सांगते: भरूच नका. तो कोर्टाचा हुकूम नव्हे, आणि त्यापायी वाळीत टाकणं हाच २०१६ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे.)

पण खरी गाठ पुढच्या बैठकीत सुटली. न्यायाधीशांबद्दल बोलताना त्याचा आवाज शांत होता. 'त्या तेरा जणांबद्दल' बोलताना मूठ वळत होती. "माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही हो. रांगेत उभे राहिले, पावती घेतली, वडापाव खाऊन एसटीत बसले." तुरुंगात जायचं होतं ते निम्मं त्यांना लाजवायला. मी एवढंच विचारलं, त्यातल्या किती जणांची त्या दिवशीची मजुरी बुडाली होती? तो बराच वेळ रुमालाचं टोक पिळत बसला.

अपील मुदतीत दाखल झालं. शिक्षेला तूर्त स्थगिती आहे. नोटा पुन्हा रुमालात, रुमाल कपाटात.

गेल्या आठवड्यात आई एकटीच आली होती. तिने त्याला विचारलं होतं, अपील हरलास तर? "तर सात दिवस बसेन," म्हणाला, "पण त्या तेरांना काही बोलणार नाही."

उठताना दारात थांबून तिने मला विचारलं, "घरचा डबा घेतात का हो आत?"