प्रिंट सर्व्हरवर ग्रुपला 'मॅनेज सर्व्हर' परमिशन दिलीय, तरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसच्या पोराला जुन्या प्रिंटरचा जॉब पण कॅन्सल करता येईना, असं का?

कारण सर्व्हरच्या प्रॉपर्टीज > सिक्युरिटीमध्ये दिलेली परमिशन फक्त त्यानंतर अ‍ॅड केलेल्या प्रिंटरना लागते, आधीच्या प्रिंटरना आपोआप लागत नाही. विंडोज सर्व्हरचं डिझाईनच तसं आहे, सोलापुरातच एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी बघतो तिथं याच्यातच अर्धा दिवस गेला होता म्हणून सांगतो. प्रिंट मॅनेजमेंट उघडा, एकेक जुना प्रिंटर घ्या, सिक्युरिटीत तोच ग्रुप टाकून 'मॅनेज प्रिंटर' आणि 'मॅनेज डॉक्युमेंट्स' दोन्हीवर टिक करा, कारण दुसऱ्याचा अडकलेला जॉब काढायला ही दुसरी टिक लागते आणि बहुतेकजण नेमकी तीच विसरतात. प्रिंटर ढीगभर असतील तर पॉवरशेलचं सेट-प्रिंटर वापरा, त्यात परमिशनची एसडीडीएल (कुणाला काय परमिशन ते सांगणारी मजकुराची ओळ) देता येते. पोराला ग्रुपमध्ये आत्ताच घातलं असेल तर त्याला एकदा लॉग ऑफ करून परत लॉगिन करायला लावा, नाहीतर सगळं बरोबर असून पण 'अ‍ॅक्सेस डिनाइड'च दिसणार.

फक्त एवढं करून पण दोन गोष्टी त्याला जमणार नाहीत:
- स्पूलर (प्रिंटचे जॉब रांगेत लावणारी विंडोजची सर्व्हिस) रीस्टार्ट, त्याचा हक्क सर्व्हिसवर वेगळा द्यावा लागतो
- नवीन ड्रायव्हर टाकणं, 2021 च्या प्रिंटनाइटमेअर (स्पूलरमधली सुरक्षेची मोठी त्रुटी) नंतरच्या अपडेटपासून ते बाय डिफॉल्ट अ‍ॅडमिनलाच जमतं, आणि ते रजिस्ट्रीतून ढिलं करायच्या नादाला लागू नका