“मीच जास्त मनाला लावून घेतेय का?”

अमेरिकेत विद्यापीठांच्या ग्रंथालयांत काम करणाऱ्या आपल्याकडच्या मुली ऑनलाइन भेटतात, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. त्यातल्या एकीची ही गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदललेली.

ती रसायनशास्त्र विभागाची लायब्ररियन. “डेस्कवर मी असते, गळ्यात ओळखपत्र असतं, तरी विचारतात, लायब्ररियन कुठे भेटतील? शेजारच्या गोऱ्या विद्यार्थिनीला लायब्ररियन समजतात.”

“मग तू?”

“हसते. आणि रात्रभर घोळवत बसते, उच्चार चुकले का, कपडे चुकले का...”

मी समुपदेशक, आणि माझा पिंड विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला विचार असतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं सूत्र मी रोज वापरते. पण ‘विचार बदल’ म्हणजे ‘असं काही घडलंच नाही’ नव्हे. म्हणून तिला वहीचं पान उभं दुमडायला लावलं. डावीकडे घडलं ते शब्दशः, उजवीकडे त्यावरून स्वतःबद्दल काढलेला निष्कर्ष.

पुढच्या खेपेला तिने डावी बाजू मोठ्याने वाचली. भारतीय भाषांतली पुस्तकं आली की तिच्याकडेच. वेगवेगळ्या वंशांच्या लोकांना सामावून घेण्यासाठी असलेल्या वैविध्य समितीवर दरवर्षी तीच. वाचता वाचता थांबली. बराच वेळ बोलली नाही.

“ताई, यातल्या एकाही ओळीत माझं काम वाईट असल्याचं नाहीये.”

“आणि उजवीकडे?”

“सगळीकडे तेच लिहिलंय.”

तिथून तिची मान वर झाली. अशा क्षणासाठीच मी हे काम करते.

मग मी तिला आकडा सांगितला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २००९-१०च्या माहितीनुसार पदवीधर लायब्ररियनांपैकी सुमारे ८८ टक्के गोरे होते. कृष्णवर्णीय लायब्ररियनांनी १९७० मध्येच आपला वेगळा मंच उभारला, आशियाईंनी १९८० मध्ये. एकट्या तिच्या उच्चारांमुळे हे घडत असतं तर या संघटना लागल्याच नसत्या. अशा मंचावर ओळखी कराच. घरच्यांना जे समजावून सांगावं लागतं, ते तिथे अर्ध्या वाक्यात कळतं.

डेस्कवर हसून गप्प राहू नका. “मीच लायब्ररियन. बोला, काय हवंय?” एवढं शांतपणे म्हटलं की पुरतं. समितीचं नवं काम आलं की साहेबांना विचारा, “हे माझ्या वार्षिक मूल्यमापनात कसं धरणार?” तिने विचारलं, आणि तिच्याकडच्या दोन समित्यांपैकी एक सुटली.

वहीची उजवी बाजू आम्ही बंद केली आहे. डावी मात्र तारीख घालून चालू ठेवायला सांगितली आहे. उद्या तक्रार करायची वेळ आलीच, तर तीच नोंद उपयोगी पडेल.