आधी वही परत द्या

प्रश्न : मुलगी नाशिकलाच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लेसमेंटची तयारी सोडून कन्स्ट्रेंट लॉजिक प्रोग्रामिंगची थिअरी वाचत बसते. मी कारखान्यात शिफ्ट लावतो, मला व्यवहार कळतो. थिअरीवाल्यांना कोण विचारतं? तिची वही काढून घेतली आहे, एका पानाचा फोटो पाठवतोय. तिला गेटला बसवू की पुण्यात नोकरीला पाठवू?
– एक पालक, सातपूर

उत्तर : दादा, ‘वही काढून घेतली आहे’ इथेच मी थांबले. वीस वर्षांच्या मुलीची वही तुम्ही काढून घेता, आणि तिला बसवू की पाठवू हे मला विचारता. अख्ख्या पत्रात ‘ती म्हणते’ असं एकदाही नाही. मला काळजी वाटली ती याची.

ते पान मी नीट वाचलं. कन्स्ट्रेंट लॉजिक प्रोग्रामिंग म्हणजे प्रोग्रामला फक्त अटी सांगायच्या, आणि त्यांत बसणारं उत्तर त्याने शोधायचं. क्ष आणि य या 1 ते 10 मधल्या पूर्ण संख्या. बेरीज 15, आणि क्ष हा य पेक्षा लहान. एकेक अट लावत, न बसणाऱ्या संख्या छाटत तिने क्ष 5 ते 9 आणि य 6 ते 10 इथवर आणलेत. 100 जोड्यांच्या 25 उरल्या, आणि त्यापुढे कुठलीच अट एकटीने काही छाटत नाही. समासात तिने लिहिलंय, ‘क्ष 7 च्या वर जाणार नाही हे मला दिसतं, मग प्रोग्रामला का नाही?’ अहो, हा या विषयाच्या गाभ्यातला प्रश्न आहे! छाटणी कुठे अडते, छाटताना खरं उत्तर तर निसटत नाही ना, अडल्यावर एखादी संख्या धरून पाहिली आणि तो अंदाज चुकला तर मागे कसं फिरायचं. जाफर आणि लासे या संशोधकांनी 1987 मध्ये या पद्धतीची चौकट मांडली.

थिअरीला कोण विचारतं म्हणता? रात्रपाळीनंतर लगेच सकाळपाळी नको, अमुक मशिन दोघांनाच येतं, या तुमच्या अटी म्हणजेच कन्स्ट्रेंट. उद्या सॉफ्टवेअर म्हणालं, ‘असं वेळापत्रक बसतच नाही’, तर त्यावर विश्वास ठेवायचा का? ते थिअरीच सांगते.

गेट फेब्रुवारीत असते. एम.टेक. करायचं तिने ठरवलं तर द्यावी. प्रोलॉग या प्रोग्रामिंग भाषेचं एसडब्ल्यूआय-प्रोलॉग हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातली पूर्णांकांची कन्स्ट्रेंट लायब्ररी प्रोलॉगमध्येच लिहिलेली आहे, उघडून वाचता येते. शेवटच्या वर्षाला तिने स्वतःचा छोटा सॉल्व्हर, म्हणजे अटींत बसणारं उत्तर शोधणारा प्रोग्राम, लिहावा. नोकरीच्या मुलाखतीतही तो दाखवता येईल.

आज वही परत द्या. सोबत तुमचा शिफ्टचा कागद ठेवा आणि विचारा, ‘हे तुझ्या पद्धतीने कसं मांडशील?’ पुढचं पत्र तिला लिहू दे.