टूल म्हणतंय १,९०० डॉलर, पण घेणार कोण?

प्रश्न : नमस्कार, २०२१ मध्ये 'पैठणी' शब्द असलेलं एक डॉट कॉम नाव घेऊन ठेवलं होतं, साडीचं दुकान ऑनलाइन करायचं डोक्यात होतं, ते काही झालं नाही. आता विकायचं म्हणतोय. किंमत सांगणाऱ्या टूल्समध्ये टाकून बघितलं तर एक म्हणतंय १,९०० डॉलर, दुसरं १४०, तिसऱ्याने काही दाखवलंच नाही. खरं कुठलं धरायचं? आणि परवा एक मेल आलाय, ४,००० डॉलर देतो म्हणतोय, फक्त आधी व्हॅल्युएशन सर्टिफिकेट काढा म्हणे. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, आधी त्या मेलचं बोलू, कारण तिथे पैसे जाणार आहेत. ही जुनी फसवणूक आहे, तो सर्टिफिकेटची साइटही स्वतःच सुचवतो, तुम्ही फी भरता आणि मग गिऱ्हाईक गायब. खरा घेणारा तुमच्याकडे कागद मागत नाही, तो भाव पाडून मागतो!

आता टूल्स. एस्टिबॉट घ्या की गोडॅडीचं अप्रेझल घ्या, ही टूल्स नावाचे शब्द सुटे करतात, लांबी बघतात, डॉट कॉम आहे की दुसरं काही ते बघतात, तो शब्द किती सर्च होतो, त्यावर जाहिरातीचा भाव काय आणि तसली नावं आधी कितीला गेली, असं सगळं मिसळून आकडा काढतात. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं म्हणून आकडे वेगळे. त्यात बरेच सौदे गुपचूप होतात, ते त्यांच्या हिशोबात येतच नाहीत. इंग्रजी साध्या शब्दांना निदान अंदाज तरी येतो, पण रोमन लिपीतली पैठणी त्यांना काय कळणार, येवल्यात कोणी दुकान मोठं करायला निघालंय हे तर अजिबात नाही. सहज गंमत म्हणून नावाच्या शेवटी एक 'एस' लावून बघा, आकडा कुठल्या कुठे जातो.

आणि भाव शेवटी गिऱ्हाईक ठरवतं. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला गेलं, कारण ब्लॉक डॉट वन कंपनीला 'व्हॉइस' नावाचंच सोशल नेटवर्क काढायचं होतं. त्यांना तेच नाव हवं होतं, हे कुठलं टूल आधी सांगणार?

टूलला ट्रेडमार्कही नीट कळत नाही. नाव कुणाच्या ब्रँडला चिकटलेलं असेल तर आकडा मोठा दिसतो, पण तो ब्रँडवाला यूडीआरपी, म्हणजे वेबसाइटच्या नावांचे वाद सोडवायच्या नियमांखाली (डॉट इन असेल तर तशाच आयएनडीआरपीखाली) तक्रार करून नावच काढून घेऊ शकतो. तुमचा शब्द सर्वसाधारण आहे, तरी त्यावर कुणाचा ट्रेडमार्क आहे का ते शोधून घ्या.

माझं मत विचाराल तर १,९०० विसरा, १४० पण विसरा. नेमबायोवर जा, तिथे आधी विकल्या गेलेल्या नावांची नोंद असते, साडी, सिल्क असले शब्द टाकून बघा. मग तेच नाव डॉट इनमध्ये किंवा जरा लांबवून कोण वापरतंय ते शोधा, तोच तुमचा खरा गिऱ्हाईक, त्याला रुपयात भाव सांगा. सौदा ठरला तर पैसे एस्क्रोमधून घ्या (मधला त्रयस्थ पैसे धरून ठेवतो, नाव घेणाऱ्याकडे गेलं की तुम्हाला देतो), आणि रिन्यूअलची तारीख आजच बघून ठेवा.